जव्हार-मोखाडा परिसरातील पारंपरिक शेती अवजारे

जव्हार-मोखाडा परिसरातील पारंपरिक शेती अवजारे म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत भात, नागली, वरई इत्यादी पिकांच्या लागवडीसाठी वापरली जाणारी, प्रामुख्याने हाताने चालवायची अवजारे होत. कोयता व तो अडकवण्याची आकडी, विळा, खुरपे, कुदळ, टिकाव, पहार, फावडे, दाताळे, मोगरी, इरले, सूप, उखळ-मुसळ आणि हलका लाकडी नांगर यांचा त्यांत समावेश होतो. यांतील बहुतेक अवजारे कोकणात व देशावरही आढळतात. परंतु तीव्र उतार, मुसळधार पाऊस आणि राब भाजण्याची पद्धत यांमुळे त्यांची घडण, त्यांचे परस्परांतील महत्त्व व त्यांच्यावर पडणारी झीज या भागात वेगळी असते. जुने अवजार ओळखताना केवळ आकारावर विसंबल्यास फसगत होते; ते कोणत्या कामाने झिजले आहे हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

भूप्रदेश आणि पिके

जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले आहेत. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर हे दोन्ही तालुके त्यात गेले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर व कातकरी हे येथील प्रमुख समाज आहेत. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावांत शेतजमिनीचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. सखल भागातील बांध घातलेली खाचरे भातासाठी वापरतात, तर डोंगरउतारावरील हलक्या, मुरमाड वरकस जमिनीत नागली (नाचणी), वरई, उडीद, तूर आणि खुरासणी (कारळा) ही पिके घेतात.

पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि तो २,५०० मिलिमीटरांहून अधिक असतो. विहिरीवर मोट चालवून बागाईत करण्याची परंपरा या भागात रुजली नाही. देशावरील कोरडवाहू शेतीत जी औते मुख्य मानली जातात, ती पाभर, तिफण व कुळव येथे गौण आहेत. दगडगोट्यांच्या उतारावर अथवा चिखलाने भरलेल्या लहान खाचरात ती चालत नाहीत. शालेय पुस्तकांतील ‘शेतकऱ्याची अवजारे’ या चित्रात सहसा देशावरचीच औते असतात. त्या चित्राच्या आधारे या भागातील घराच्या कुडात खोचलेली अवजारे ओळखू गेल्यास निम्म्यांची नावे लागत नाहीत.

ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण धारेची. विळ्याची धार वाकणाच्या आतल्या कडेला असते, कारण तो पिकाची मूठ आपल्याकडे ओढून कापतो. खुरप्याची धार पुढच्या किंवा बाहेरच्या कडेला असते, कारण ते मातीत ढकलून अथवा खरवडून चालवतात. कोयत्याचीही धार आतल्या बाजूस असते, परंतु त्याचा पाठीचा भाग जाड व जड असतो. तो ओढून नव्हे, तर घाव घालून चालतो. पात्याची पाठ बोटांत धरून तिची जाडी अजमावली, तरी विळा व कोयता यांतील फरक बहुधा तिथेच कळतो.

दुसरी खूण दांडा बसवण्याच्या रीतीची. कुऱ्हाड, कुदळ, टिकाव व फावडे यांना नेढे असते, म्हणजे लोखंडातच दांड्यासाठी आरपार भोक ठेवलेले असते. विळा, खुरपे व कोयता यांच्या पात्याचे मागचे टोक निमुळते करून तापवतात आणि लाकडी मुठीत ठोकतात. मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडावर शेंबी, म्हणजे लोखंडाचे कडे, चढवतात. नुसते पाते हाती आले तर त्याचा मागचा भाग निमुळता आहे की नेढ्याचा, एवढ्यावरून अवजाराचा वर्ग ठरवता येतो.

तिसरी आणि सर्वांत बोलकी खूण झिजेची. रोज धार लावल्याने कोयत्याचे पाते मधल्या भागात अरुंद होत जाते, टोक व मुठीजवळचा भाग मात्र मूळ रुंदीचे राहतात. कुदळीचे पाते दगडांवर आपटून आखूड होते आणि वापरणारा ज्या बाजूने वाकून घाव घालतो, त्या बाजूचा कोपरा आधी गोलावतो. लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी पडलेली खोलगट, गुळगुळीत खाच वर्षानुवर्षांच्या वापरानेच तयार होते. जुनाट दिसावे म्हणून गंजवलेल्या वस्तूत ही खाच नसते. दातरी विळ्याचे दाते पुष्कळदा पात्याच्या एकाच अंगाने कोरलेले असतात. असा विळा उजव्या हाताच्या माणसासाठी घडवला असल्यास डावखुऱ्याला तो नीट चालत नाही.

चौथी खूण लोखंडाची. लोहाराने भट्टीत घडवलेल्या पात्यावर हातोड्याच्या ठोक्यांचे उथळ खळगे असतात व जाडी सर्वत्र सारखी नसते. मोटारीच्या पाट्यांच्या (कमानपट्ट्यांच्या) पोलादापासून केलेल्या कोयत्यात मूळ पट्टीची एकसारखी जाडी, किंचित बाक व कधी कधी एखादे जुने भोकही शिल्लक असते. असा कोयता मोटारी या भागात आल्यानंतरचाच असणार हे उघड आहे. कारखान्यात बनलेल्या फावड्यावर, टिकावावर किंवा पहारीवर टाटा अॅग्रिकोसारखा ठसा असतो. ठसा गंजाखाली दडलेला असला, तरी नेढ्याजवळची जागा घासल्यावर बहुधा दिसतो.

कोयता आणि आकडी

या परिसरात एकच अवजार निवडायचे झाले तर कोयत्याची निवड करावी लागेल. राबासाठी टहाळ तोडणे, कुंपणाचे काटे छाटणे, बांबू फोडणे, सरपण करणे, घराच्या कुडासाठी कारवी कापणे, रानातली वाट मोकळी करणे ही सारी कामे त्यावर होतात. पाते साधारण हातभर किंवा त्याहून लहान असून टोक आत वळलेले असते. हे वळलेले टोक शोभेसाठी नाही. झाडावर चढलेला माणूस त्याने दूरची फांदी ओढून जवळ घेतो, काटेरी जाळी हात न लावता बाजूला सारतो आणि घाव घालताना पाते फांदीवरून निसटू देत नाही. टोक सरळ असलेला जड कोयता या भागातील राबाच्या कामाचा नसून बहुधा खाटिकखान्याचा किंवा ऊसतोडीचा असतो.

कोयत्याचा जोडीदार म्हणजे आकडी. खाच अथवा हुकासारखे वळण असलेला हा लाकडी तुकडा दोरीने कमरेला मागच्या बाजूस बांधतात आणि त्यात कोयता अडकवतात. त्यामुळे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात व उघडे पाते अंगाला लागत नाही. आकडी कोयत्यापासून वेगळी झाली की ती कशाची आहे हे ओळखणे फार अवघड होते. जुन्या वस्तूंच्या संग्रहात ती विणकामाच्या साहित्यात किंवा नुसती ‘लाकडी वस्तू’ म्हणून सापडण्याचा संभव असतो. खाचेच्या आतल्या अंगावर पात्याने पडलेल्या बारीक समांतर रेघा आणि दोरीच्या भोकांच्या कडांना आलेली चकाकी या दोन खुणा एकत्र दिसल्या तर ती आकडीच समजावी.

राब आणि कोयत्याचा कायदा

कोयत्याला एवढे महत्त्व येण्याचे कारण राब हे आहे. भात व नागलीची रोपे ज्या तुकड्यात तयार करायची, ती जमीन पावसाळ्यापूर्वी भाजून घेण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. भाजण्याच्या कामाला राबभाजणी किंवा भाजावळ ही नावे आहेत. हिवाळ्यापासून ऐन व इतर झाडांचे टहाळ तोडून वाळवतात. मग जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत व पातेरा असे थर रचून वरून बारीक मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावतात, म्हणजे ती भडकत न जाता सावकाश धुमसते. उष्णतेने तणांचे बी व कीड मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून रोपांना अन्नद्रव्ये मिळतात. तणाचा बंदोबस्त भाजणीनेच होत असल्याने रोपवाटिकेत खुरपणीचे काम फारसे उरत नाही.

राबाच्या कामात कोयत्याबरोबर आणखी काही साधी अवजारे लागतात. पातेरा गोळा करण्यासाठी बांबूचे किंवा लाकडी दात्यांचे दाताळे, शेण वाहण्यासाठी टोपली, ढेकळे फोडण्यासाठी मोगरी आणि आग बांधाबाहेर जाऊ लागल्यास ती झोडून विझवण्यासाठी हिरवी डहाळी. मोगरी म्हणजे लांब दांड्याचा लाकडी ठोकळा. त्याचा दर्शनी भाग ढेकळांवर आपटून दबलेला व तंतू विस्कटलेला असतो. कपडे धुण्याचे धोपटणे चपटे व आखूड असते, त्यामुळे या दोघांत गोंधळ होऊ नये.

राब शेताच्या बांधावर होत असला तरी त्याचे टहाळ जंगलातून येते, आणि इथूनच या अवजाराचा कायद्याशी संबंध आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात वने राखीव करण्याचे काम सुरू झाल्यावर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा सरकार व शेतकरी यांच्यातील मोठा वाद ठरला. १८८७ मध्ये अहवाल देणाऱ्या मुंबई वन आयोगापुढे तो प्रामुख्याने आला. भाजणीने खरोखर पीक वाढते की ती केवळ सवय आहे, असा प्रश्न त्या काळी अधिकाऱ्यांकडून विचारला जाई. राबाशिवाय रोप धरत नाही असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. पुढे भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे, नावा, गाड्या व जनावरे जप्त करता येतात. एकच कोयता बांधावर शेतीचे अवजार आणि राखीव वनाच्या हद्दीत जप्तीयोग्य वस्तू ठरतो. डोंगरउतारावर शेत आणि वन यांची सीमा कित्येकदा एखाद्या ओहोळाएवढीच असते, हे लक्षात घेतल्यास कलमातील ‘हत्यारे’ या एका शब्दाचा घरोघरी काय अर्थ होता याची कल्पना येते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्क मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये जुन्या वहिवाटीच्या वनजमिनीवरील हक्क मान्य करण्याची तरतूद झाली. दाव्याच्या पुराव्यांत जमिनीचे सपाटीकरण, बांध, विहिरी यांसारख्या खुणा व वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन नियमांनी ग्राह्य धरले आहे. ज्या कुदळ-पहारीने ते बांध घातले, त्यांचा उल्लेख पुराव्यांत नाही.

विळा व खुरपे

भातकापणीचा विळा हलका व अरुंद पात्याचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या धारेचा विळा दगडावर पाजवून पुन्हा पुन्हा वापरता येतो. दातरी विळा कानसेने किंवा छिन्नीने दाते कोरून करतात व त्याला रोज धार लावावी लागत नाही, मात्र दाते झिजले की तो लोहाराकडे न्यावा लागतो. जुन्या दातरी विळ्याचे दाते मधल्या भागात नाहीसे झालेले आणि दोन टोकांना शिल्लक असतात. त्यामुळे असा विळा साध्या धारेचा म्हणून सर्रास नोंदला जातो. मुठीजवळ बोट फिरवून दात्यांचे अवशेष तपासावेत. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) प्रसारित केलेला ‘वैभव विळा’ हा दातरी विळ्याचाच सुधारलेला प्रकार असून तो कारखान्यात तयार होत असल्याने त्याचे दाते एकसारखे असतात.

नागली व वरई यांच्या काढणीत विळ्याचे काम वेगळे असते. नागलीची कणसे ताटावरून खुडतात किंवा लहान विळ्याने कापतात आणि ताटे मागाहून चाऱ्यासाठी काढतात. त्यामुळे नागलीचा विळा भाताच्या विळ्यापेक्षा लहान चालतो व त्याच्या टोकाकडचा भागच अधिक झिजतो.

गवत कापण्यासाठीही विळाच लागतो, आणि या कामाला शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या भागातील कुरणांतून जात असे व ते कापण्याचे काम वारली मजुरांकडून नाममात्र मजुरीवर किंवा वेठीने करून घेतले जाई. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी गवतकापणीवर संप केला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी ही त्यांची मागणी होती. या लढ्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. जव्हार त्या वेळी संस्थान होते आणि मागणी ब्रिटिश हद्दीतील मजुरांची होती. तथापि विळा हे ज्या मजुरीचे साधन होते, त्या मजुरीचा दर सबंध टापूत असाच तुटपुंजा होता.

खुरपे हे निंदणीचे अवजार होय. वरकस जमिनीतील नागली-वरईत त्याचा वापर होतो. भाताच्या खाचरात पाणी उभे असल्याने तण हातानेच उपटतात.

मातीकामाची अवजारे

कुदळ, टिकाव, पहार व फावडे यांची नावे पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात. कुदळीला एकाच बाजूला पाते असते. टिकावाला दोन बाजू असतात, एक टोकदार व एक चपटी. पहार ही नेढे किंवा दांडा नसलेली भरीव लोखंडी कांब असून तिचे एक टोक अणकुचीदार व दुसरे बहुधा पटाशीसारखे चपटे असते; दगड उपटणे, कुंपणाचे खड्डे घेणे व बांधातील शिळा सरकवणे यांसाठी ती लागते. फावडे पातळ व रुंद पत्र्याचे असून ते खणण्यासाठी नव्हे तर चिखल ओढण्यासाठी, बांध लिंपण्यासाठी आणि खाचराचे पाणी फोडण्यासाठी वापरतात. देशावर यालाच खोरेही म्हणतात.

बांधाचे काम दरवर्षी करावे लागते. पहिल्या पावसात फुटलेला बांध त्याच दिवशी बुजवला नाही तर खाचरातील मातीच वाहून जाते. म्हणून फावडे आषाढात घरात नसते, बांधावर असते, अशी परिस्थिती असे. फावड्याच्या पात्याची कड सरळ झिजलेली असल्यास ते चिखलाचे, आणि खाचाखोचांची व दुमडलेली असल्यास मुरमाचे, असा साधा आडाखा बांधता येतो.

उतारावर नागलीची रोपे लावताना काही ठिकाणी टोकदार काठीने भोक पाडून त्यात रोप बसवतात. कोकणात या पद्धतीला ठोंबणी म्हणतात. ही काठी म्हणजे या संचातील सर्वांत जुन्या घडणीचे अवजार होय. तिला लोखंड लागत नाही, ती त्याच हंगामात तोडतात आणि काम झाल्यावर चुलीत जाते. म्हणूनच ती संग्रहात फारशी आढळत नाही.

नांगर

हाताच्या अवजारांत नांगर बसत नाही, पण खाचराचे वर्णन त्याशिवाय पुरे होत नाही. या भागातील लाकडी नांगर हलका असतो. मुख्य लाकूड, त्यातून पुढे जाणारी लांब हळस (इसाड), हाताने धरायचे रुमणे, टोकाचा लोखंडी फाळ, बैलांच्या मानेवरचे जू आणि जुवातील शिवळा असे त्याचे भाग आहेत. सुटा फाळ कुदळीच्या पात्यासारखा दिसतो. परंतु फाळाला नेढे नसते, तो लाकडावर बसवण्यासाठी लांबट व खालून सपाट घासलेला असतो. हा नांगर माती उलटवत नाही, फक्त चिरतो. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तयार केलेला लोखंडी नांगर माती उलटवणारा होता व देशावरच्या खोल काळ्या जमिनीत तो यशस्वी झाला. जव्हार-मोखाड्याच्या लहान खाचरांत त्याचे वजन अडचणीचे, आणि उतारावरील वीतभर मातीच्या थराखालचा मुरूम वर काढणे तर नुकसानीचे. येथील लाकडी नांगर मागासलेपणामुळे टिकला असे लिहिले जाते, ते बरोबर नाही.

नांगर ओढणारी डांगी जातीची जनावरेही याच पर्जन्यप्रदेशातील आहेत. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो व संततधारेत ती टिकाव धरतात. चिखलणीनंतर खाचर सपाट करण्यासाठी बैलांमागे लाकडी फळी ओढतात. फळीची खालची बाजू चिखलाने घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. दाराच्या जुन्या फळीला अशी झीज एकाच अंगाला येत नाही.

इरले

भातलावणी हे वर्षातील सर्वांत कष्टाचे काम, आणि त्यासाठी रोप लावणारे अवजार असे काही नाही. रोप उपटणे, जुड्या बांधणे व चिखलात खोवणे हे सारे बोटांनी होते. या कामात वापरली जाणारी एकमेव घडीव वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांच्या दोन विणींमध्ये पळसाची किंवा सागाची पाने घालून ते तयार करतात. डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारा त्याचा आकार वाकलेल्या माणसासाठी आहे. उभे राहिल्यास इरले गैरसोयीचे, पण ओणवे होऊन मागे मागे सरकत लावणी करताना पाठ कोरडी राहते व दोन्ही हात मोकळे असतात. छत्रीने हे साधत नाही. प्लॅस्टिकचा कागद आल्यावर इरल्याचा वापर झपाट्याने घटला. वाळलेले, पाने गळून गेलेले इरले टोपलीचा तुटका भाग समजून टाकून दिले जाते.

खळ्यावरील साधने व मापे

भाताच्या पेंढ्या फळीवर, ओंडक्यावर किंवा दगडावर झोडतात, किंवा खळ्यात पसरून त्यांवर बैल फिरवतात. नागली व वरईची कणसे ढीग करून काठीने बडवतात. दाणे व भूस वेगळे करण्यासाठी सूप वापरतात व वाऱ्याच्या दिशेप्रमाणे उपणतात. धान्य बांबूच्या कणगीत साठवतात. कणगी आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली असते. नव्या धान्याच्या राशीची पूजा करण्याची रीत आहे. वारली समाजात धान्याची देवता कणसरी या नावाने ओळखली जाते.

भात व वरई कांडण्यासाठी उखळ-मुसळ लागते. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे बसवलेले असते, कारण नुसत्या लाकडाने साळ लवकर निघत नाही. मुसळ मध्यभागी, जिथे कांडणाऱ्या बाईची मूठ येते तिथे, बारीक झालेले दिसते. दोघीजणी आळीपाळीने कांडत असल्यास अशा दोन जागा पडतात.

खळ्यावरील मापे हाही ओळखीचा विषय आहे. चार शेरांची पायली, बारा किंवा सोळा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी हे कोष्टक स्थळपरत्वे बदलत असे. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडून खावटीला धान्य आणायचे व सुगीला दीडपट अथवा दुपटीने परत करायचे, हा व्यवहार याच मापांनी होई. मापावर सरकारी छाप आहे की नाही, आणि तळ आतून उचललेला आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली व ही मापे व्यवहारातून गेली, तरी पायलीच्या हिशेबाने बोलणे जुन्या पिढीत चालू राहिले.

लाकूड, लोखंड आणि घडवणारे

दांड्याचे लाकूड कामाप्रमाणे निवडतात. घावाचा हादरा सोसणारे लवचीक लाकूड धामणीचे. ते कुऱ्हाडीच्या दांड्याला व धनुष्याला वापरतात. नांगराला तिवस, मुसळाला खैर, सरळ व हलक्या कामाला साग. देशावर ज्या जागी बाभूळ वापरतात, त्या जागी येथे रानातील ही झाडे येतात. त्यामुळे दांड्याच्या लाकडावरूनही अवजाराचे मूळ ठिकाण काही अंशी कळते.

देशावरील गावगाड्यात लोहार व सुतार हे बलुतेदार होते व त्यांना कामाचा मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे. आदिवासी पाड्यांत ही व्यवस्था तशी रुजलेली नव्हती. लाकूडकाम घरचा माणूस वाकस व कुऱ्हाडीने स्वतःच करी. लोखंडासाठी बाजाराच्या गावचा लोहार किंवा फिरता घिसाडी यांच्यावर अवलंबून राहावे लागे. आखूड झालेले पाते तापवून ठोकून वाढवणे, त्याला पोलादाचा तुकडा जोडणे, पाणी देऊन कठीण करणे याला शेवटणे म्हणतात. अनेकदा शेवटलेल्या कुदळीत दोन लोखंडांमधील जोडाची रेघ दिसते. अशा कुदळीचे वय सांगणे कठीण असते, कारण तिचे पाते, नेढे व दांडा हे तीन वेगवेगळ्या काळांतील असू शकतात.

नावांतील भिन्नता

एकाच अवजाराची वारली, कोकणा, ठाकर व कातकरी बोलींत वेगवेगळी नावे किंवा उच्चार असतात आणि प्रमाण मराठीतील नाव त्यांहून निराळे असते. ‘आकडी’ हा शब्द काही ठिकाणी कोयत्याच्या कमरपट्ट्यासाठी, तर काही ठिकाणी फळे काढण्याच्या हुकाच्या काठीसाठी वापरतात. शब्दकोशात पाहून नाव लावण्यापेक्षा वापरणाऱ्याने उच्चारलेला शब्द, गावाचे नाव व समाज यांसह नोंदवणे हे संकलनाच्या दृष्टीने अधिक भरवशाचे असते.

सद्यस्थिती

चिखलणीसाठी पॉवर टिलर, मळणीसाठी यंत्र आणि कांडपासाठी गिरणी आल्यावर नांगर, झोडणीची फळी व उखळ-मुसळ मागे पडले. नांगरणी व चिखलणी टाळून गादीवाफ्यावर भात टोकण्याच्या सगुणा भात तंत्रात वाफ्यावर भोके पाडण्यासाठी लोखंडी साचा वापरतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांच्या मजुरीसाठी स्थलांतर करतात. त्यांच्याबरोबर फावडे व घमेले जाते, नागलीचा विळा घरी राहतो. वरकस जमीन पडीक पडल्यावर खुरपे व दाताळे आधी भंगारात जातात, कारण त्यांना दुसरा उपयोग नसतो.

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात राज्यातील आदिवासींच्या वापरातील वस्तू आहेत. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मराठी घरांतील नित्योपयोगी वस्तूंचा मोठा संग्रह आहे. वारली चित्रांत नांगरणी, लावणी, झोडणी व कांडण यांची दृश्ये वारंवार येतात. आकृत्या रेषारूप असल्या तरी लावणी करणाऱ्यांचा बाक, मुसळ उचलण्याची उंची व दोघींनी मिळून कांडण्याची रीत त्यांत अचूक असते, त्यामुळे अवजार हातात कसे धरले जाई हे समजण्यास त्यांची मदत होते. कोयता अजून प्रत्येक घरात आहे. तो आता बहुधा मोटारीच्या पाट्याचा असतो आणि त्याच्या मुठीवर पुष्कळदा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते.